बोट घाईत, उत्तर खाईत

पोरी, अकरावी सायन्सला गेलीस आणि महाज्योतीचा टॅबही हाती आला, हे तुझ्या बापाने मला एकाच फोनमध्ये दोनदा सांगितलं. नागपूरची ही संस्था जेईई, नीट आणि सीईटीच्या तयारीसाठी टॅब देते, हे मला ठाऊक होतं. पण भावाचा उत्साह मोडवेना, म्हणून दोन्ही वेळा ‘हो का!’ म्हटलं. तू मात्र एवढंच विचारलंस की त्यावरचं सायंटिफिक कॅल्क्युलेटर कसं वापरायचं. आत्याला विचारलंस म्हणजे दोन ओळींत सुटका नाही, हे आधी ध्यानात घे.

तुला काय म्हणायचं होतं, ते यंत्राला कळत नसतं. तू काय दाबलंस, तेवढंच कळतं. पुढचं सगळं त्याच धाग्याने चाललंय.

१. नवं अ‍ॅप उघडलं की आधी त्याची तोंडी परीक्षा घे: साइन ३०, लॉग १००, आणि २ + ३ × ४. उत्तरं ०.५, २ आणि १४ आली तर कामाला लाव — एखादं जरी वेगळं आलं, तर सेटिंग तरी बदललेली आहे नाहीतर अ‍ॅपच वेगळ्या रीतीचं आहे.

२. तिसऱ्या प्रश्नाला २० आलं तर मोड बघ — विंडोजच्या कॅल्क्युलेटरचा ‘स्टँडर्ड’ मोड आकडे येतील तसे उरकत जातो म्हणून २० देतो, ‘सायंटिफिक’ मोड गुणाकाराला आधी मान देतो म्हणून १४.

३. साइन-कॉसची बटणं दिसेनात तर टॅब आडवा धर — बऱ्याच अ‍ॅपांत उभ्या पडद्यावर साधं कॅल्क्युलेटर असतं आणि आडव्यावर सायंटिफिक उघडतं. तरीही उघडलं नाही तर ऑटो-रोटेट बंद असेल.

४. टॅबवर आयतं आलेलं कॅल्क्युलेटर आधी वापरून बघ, मग दुसरं शोध — गरज निम्म्या वेळा तिथेच भागते. (मैत्रिणीच्या आयपॅडवर जुनं सॉफ्टवेअर असेल तर तिला हा सल्ला देऊ नकोस. आयपॅड २०१० साली आला आणि त्यावर अ‍ॅपलचं स्वतःचं कॅल्क्युलेटर यायला २०२४ उजाडलं.)

५. टॅबने नवं अ‍ॅप घेऊ दिलं नाही, तर कुलूप तोडून देणाऱ्या दुकानदाराकडे जाऊ नकोस — टॅब अभ्यासासाठी मिळालाय, आणि कुलूप तुटलं की क्लासचं अ‍ॅपही रुसू शकतं.

६. कॅल्क्युलेटरने फोनबुक, कॅमेरा किंवा लोकेशन मागितलं तर ‘नाही’ म्हण — बेरजेला तुझ्या मावशीचा नंबर लागत नाही.

७. ‘कॅल्क्युलेटर व्हॉल्ट’ नावाची अ‍ॅपं टाळ — ती वरून कॅल्क्युलेटर दिसतात, आतून फोटो लपवायची कपाटं असतात. तुझ्या टॅबवर ती आईला सापडली, तर तू काहीच लपवलेलं नाही हे पटवताना घामटं निघेल.

८. फुकटच्या अ‍ॅपात जाहिरात बरोबरच्या चिन्हाखालीच चिकटलेली असते. वायफाय-डेटा बंद करून वापर — हिशेबाला इंटरनेट लागत नाही, जाहिरातीला लागतं.

आता कोनांबद्दल. इथे जरा टेकून बस, कारण जास्तीत जास्त पोरं इथेच घसरतात आणि घसरल्याचं त्यांना कळतही नाही.

९. साइन, कॉस, टॅन दाबायच्या आधी पडद्याच्या कोपऱ्यात बघायचं: ‘डेग’ आहे की ‘रॅड’? — साइन ३० डिग्रीत ०.५ येतं आणि रेडियनमध्ये उणे ०.९८८. दोन्ही उत्तरं यंत्राच्या मते बरोबरच.

१०. ‘ग्रॅड’ नावाचं तिसरंही एक माप असतं, त्यात काटकोन १०० चा धरतात — तिथे साइन ३० चं उत्तर ०.४५४ येतं. ते ०.५ च्या इतकं शेजारी असतं की शंकाही येत नाही, म्हणून तिघांत हेच जास्त घातकी.

११. फिजिक्समध्ये तरंगाचं किंवा दोलनाचं गणित आलं आणि साइनच्या कंसात वेळ दिसला, तर रेडियन लाव. उतार किंवा प्रक्षेपणाचा कोन अंशात दिला असेल तर डिग्री. गणित संपलं की पुन्हा डिग्रीवर आण — उद्याची तू आजच्या तुझ्यावर विसंबून असते.

१२. साइनच्या डोक्यावर उणे १ दिसला तर तो ‘एक भागिले साइन’ नव्हे, उलटा साइन. त्याला ०.५ दिलंस की ३० अंश परत देतो — ‘एक भागिले साइन ३०’ चं उत्तर मात्र २ आहे.

१३. टॅन ९० टाकून बघ. शहाणं अ‍ॅप ‘एरर’ म्हणेल, काही अ‍ॅपं १६ च्या पुढे १५ आकडे लागलेली अवाढव्य संख्या देतील — ती आतल्या आत अंशांचे रेडियन करतात आणि पाय (π) कुठेतरी तोडावाच लागतो. असलं उत्तर वहीत उतरवायचं नसतं.

१४. ३० अंश १५ मिनिटं म्हणजे ३०.२५, ३०.१५ नव्हे — अंशाची मिनिटं ६० असतात. साकोलीच्या तंत्रनिकेतनात सिव्हिलला असलेल्या दादाला विचार, थिओडोलाइटचं रीडिंग घेताना पहिल्या महिन्यात हेच होतं.

१५. आणि हीच गोष्ट घरच्या सातबाऱ्यावर उलटी घडते. तिथे १ हेक्टर ५ आर म्हणजे १.०५, १.५ नव्हे — हेक्टरचे १०० आर असतात. एकरात आणायला २.४७१ ने गुणलंस तर पहिल्याचे २.५९ एकर होतात आणि दुसऱ्याचे ३.७१; एका शून्याने एकराहून जास्त जमीन कागदावर उगवते. बापाला दाखव, फार हसू नकोस.

१६. तोंडाने आकडा वाचताना ‘एक पूर्णांक शून्य पाच’ असं सुटं वाच — ‘एक पॉइंट पाच’ म्हणायची जिभेला घाई असते. मी तर म्हणते, जीभ सुटी तर आकडा पुरता.

१७. कंसाला कंजुषी करू नकोस. जिथे शंका, तिथे कंस — कंस फुकट मिळतो, मार्क मिळत नाही.

१८. लंबकाचं गणित घे: लांबी १ मीटर, गुरुत्वत्वरण ९.८. वर्गमुळाच्या पोटात ‘१ ÷ ९.८’ असं पूर्ण कंसात घालून २ पाय ने गुणलंस तर आवर्तकाल २.००७ सेकंद येतो — कंस विसरलीस तर यंत्र फक्त १ चं मूळ काढतं, मग ९.८ ने भागतं, आणि तुझा लंबक ०.६४ सेकंदात झोका घेऊन मोकळा होतो.

१९. भागाकाराच्या रेषेखाली दोन गोष्टी असतील तर दोन्हींना एका कंसात बांध — ‘१२ ÷ २ × ३’ टाकलं की १८ येतं, तुला हवे असतात २.

२०. ‘६ ÷ २(१+२)’ यावरून दर काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर भांडणं होतात: कुणाचं यंत्र ९ म्हणतं, कुणाचं १. तू त्यात पडू नकोस — काही यंत्रं कंसाला चिकटलेल्या आकड्याला जास्त मान देतात, काही देत नाहीत. मांडणीच संदिग्ध आहे, भांडण कशाचं?

२१. उणे पाचचा वर्ग करताना उणेसकट कंसात घाल — नाहीतर बहुतेक यंत्रं आधी पाचचा वर्ग करतात, मग उणे लावतात, आणि २५ ऐवजी उणे २५ हाती येतं.

२२. टॅबवर दोन उणी असू शकतात: वजाबाकीचं आणि आकड्याला चिकटणारं. दोन्ही कुठे आहेत ते पहिल्याच दिवशी पाहून ठेव — पेपरच्या आदल्या रात्री शोधलेलं बटण कधी सापडत नाही.

आता घातांची गंमत. केमिस्ट्री आणि फिजिक्समध्ये तुझी अर्धी कमाई याच्यावर आहे, म्हणून हे दोनदा वाच.

२३. कणावरचा विद्युतभार दिला आहे ३.२ गुणिले १० चा उणे १९ वा घात. त्यावर इलेक्ट्रॉन किती, ते काढायला १.६ गुणिले १० चा उणे १९ वा घात याने भागायचं. उत्तर २ आहे, हे तुला तोंडी येतं. आता हेच टॅबवर जसंच्या तसं, कंस न घालता टाक — २ गुणिले १० चा उणे ३८ वा घात येईल, कारण यंत्राने फक्त १.६ ने भागलं आणि उरलेल्या घाताने पुन्हा गुणलं.

२४. म्हणून खालची सबंध संख्या कंसात घाल, नाहीतर ‘ईएक्सपी’ किंवा ‘ईई’ बटण वापर — त्या बटणाने १.६ आणि त्याचा घात एकजीव होतात, मधे कुणी शिरत नाही.

२५. ते बटण वापरताना १० वेगळा दाबायचा नाही. अ‍ॅव्होगॅड्रो संख्या म्हणजे ६.०२२, ईएक्सपी, २३ — बटणातच ‘गुणिले १० चा घात’ भरलेलं असतं. १० चा २३ वा घात हवा असेल तर आधी १ दाब. १० दाबलास तर उत्तर दहापट फुगतं.

२६. काही अ‍ॅपांत ‘ई’ किंवा ‘ईएक्सपी’ म्हणजे २.७१८ वाली ती संख्या किंवा तिचा घात असतो. बटण ओळखायला ते २ आणि ३ मध्ये घालून बघ — २००० आलं तर आपलं, दुसरं काही आलं तर ते बटण ‘ई’ चं.

२७. पडद्यावर १.५ च्या मागे ‘ई’ आणि उणे ७ दिसला तर सगळं उतरव — शेपूट सोडून म्हैस विकता येत नाही. नुसतं १.५ लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत, हुशार होती बिचारी.

२८. ‘लॉग’ म्हणजे १० च्या पायाचा, ‘एलएन’ म्हणजे ‘ई’ च्या पायाचा. पीएचला लॉग लागतो — एलएन दाबलास तर उत्तर २.३०३ पट होतं, आणि आम्लाचं अल्कली व्हायला वेळ लागत नाही.

२९. फॅक्टोरियलशी खेळ. खिशातल्या कॅल्क्युलेटरला ६९ चा फॅक्टोरियल जमतो, ७० ला ते ‘एरर’ म्हणतं. टॅबवरची बरीच अ‍ॅपं १७० पर्यंत जातात — ७० चा फॅक्टोरियल १० च्या १०० व्या घाताला ओलांडतो आणि खिशातल्या यंत्राची वेस तिथेच संपते.

३०. अजून एक खेळ: १० चा १०० वा घात, त्यात १ मिळव, त्यातून तोच घात वजा कर. गुगलचं अँड्रॉइडवरचं कॅल्क्युलेटर १ म्हणतं, पुष्कळशी अ‍ॅपं ० म्हणतात — ती पंधरा-सोळा आकडेच धरून ठेवतात आणि बिचारा १ त्यांत हरवतो. गुगलच्या अ‍ॅपात हान्स बोएम नावाच्या संगणकतज्ज्ञाने नेमकेपणाची वेगळी सोय केली आहे. तुझ्या पेपरला याचा काही उपयोग नाही. पण यंत्रालाही विसर पडतो, हे माहीत असलेलं बरं.

हे झालं यंत्राचं. तुझ्या डोक्याचं आता.

३१. बरोबरचं चिन्ह दाबायच्या आधी अंदाज बांध, आणि तो वहीच्या कडेला पेन्सिलीने लिही. अंदाज घरचा, आकडा यंत्राचा — दोघांचं पटलं तरच उत्तर घरात घ्यायचं.

३२. याचा सराव बापाच्या धानावर कर. ३७ कट्टे, कट्ट्यात ४० किलो, आणि २०२५-२६ चा साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये. आधी अंदाज: १५ क्विंटल, २४०० चा भाव, ३६,००० च्या आत. मग टॅब: १४.८ गुणिले २३६९, म्हणजे ३५,०६१ रुपये २० पैसे — टॅबने ३,५०,६१२ दाखवले असते तर अंदाजाने तिथेच हात धरला असता. अंदाज नसेल तर बाप ट्रॅक्टरचं बुकिंग करून येईल.

३३. टक्क्याच्या बटणावर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. ‘२०० + १० टक्के’ ला काही अ‍ॅपं २२० म्हणतात, काही २००.१ — दोघांचा ‘टक्के’ वेगळा आहे. ०.१० ने गुणून मिळव, वादच नको.

३४. पावसाळ्यात गोसीखुर्द धरणाच्या ३३ दरवाजांपैकी किती उघडले याचे निरोप फिरतात, त्यांत विसर्ग कधी क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर) असतो, कधी क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट). ३५.३१ ने गुणलं की क्युमेकचे क्युसेक होतात: ५००० क्युमेक म्हणजे १,७६,५५० क्युसेक — एकक न बघता निरोप पुढे ढकललास तर वैनगंगेकाठच्या आजीला विनाकारण सामान माळ्यावर चढवायला लागतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे चढवायचं राहून जातं.

३५. तीच संख्या काही अ‍ॅपं १७६,५५० अशी दाखवतात. स्वल्पविराम कुठे पडलाय ते बघून लाख वाच — तीन-तीन आकड्यांची विलायती पद्धत आणि आपली लाख-कोटींची पद्धत एकाच टॅबवर नांदतात.

३६. हिशेबाच्या मधेच आकडा छाटू नकोस, शेवटी एकदाच छाट. दोन तृतीयांश म्हणजे ०.६७ लिहून ३ ने गुणलं की २ चे २.०१ होतात — एका पायरीला एवढं, दहा पायऱ्यांना किती ते तूच काढ. मधलं उत्तर पुढे न्यायला ‘आन्स’ बटण आहे.

३७. आणि शेवटी छाटतेस तेव्हा मनापासून छाट. वर्निअरने सेंटिमीटरच्या दोन दशांश स्थळांपर्यंत मोजलं आणि उत्तर नऊ दशांशांचं लिहिलं, तर परीक्षक हसतात — मोजमापात नसलेला नेमकेपणा भागाकाराने पैदा होत नाही.

३८. प्रश्नात ‘पाय ३.१४ घ्या’ म्हटलं असेल तर पायचं बटण दाबू नकोस — तुझं उत्तर जास्त बरोबर येईल आणि पर्यायांत सापडणार नाही.

३९. प्रमाण विचलनाला दोन बटणं असतात, एकात संख्येने भागतात, दुसऱ्यात एकने कमी संख्येने. पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण घेऊन कोणतं जुळतं ते एकदाच पाहून ठेव — नंतर दर वेळी नशीब आजमावायला नको.

४०. ७ × ८ ला टॅब उघडू नकोस. तुझ्या आजोबांना पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ होती — काट्यावर माल मोजून होईतो त्यांचा हिशेब झालेला असायचा, आणि अडत्या त्यांना ‘मास्तर’ म्हणायचा. ते कधीही मास्तर नव्हते.

४१. टॅबच्या काचेवर बटण दाबल्याचं बोटाला कळत नाही. सेटिंगमध्ये थरथर चालू कर आणि बरोबरचं चिन्ह दाबण्याआधी वरची ओळ एकदा वाच — एखादा शून्य दोनदा पडतो किंवा पडतच नाही. बोट घाईत, उत्तर खाईत.

४२. टॅब सपाट ठेवून लिहिताना तळहात काचेवर टेकतो आणि नको ते बटण दाबलं जातं. टॅब डावीकडे जरा उभा ठेव, वही उजवीकडे — डावखुरी असतीस तर उलटं सांगितलं असतं.

४३. पडद्याचे दोन भाग करायची सोय शिकून घे: एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला कॅल्क्युलेटर — सारखं मागे-पुढे केलं की आकडा वाटेत बदलतो. ८९ चे ९८ व्हायला एवढंच पुरतं.

४४. हिस्टरी रोज पुसू नकोस, रविवारी वाच. उत्तर कुठे चुकलं ते तिथे ओळीने लिहिलेलं असतं — कंस सुटला होता, की मोड, की नुसती झोप.

४५. रोवणीच्या दिवसांत टॅब बांधीवर नेऊ नकोस. ओल्या बोटाला पडदा नीट जुमानत नाही आणि थेंब पडला की यंत्र आपलं आपणच आकडे दाबतं — चिखल पुसता येतो, स्पीकरच्या भोकात गेलेला येत नाही.

४६. रात्री चार्जिंगला लाव, पण गादीवर किंवा उशीखाली नाही — तो तापतो, आणि गावची लाइट सकाळी असेलच याची हमी तुझा बापही देत नाही.

४७. फोटो काढला की गणित सोडवून देणारी अ‍ॅपं आहेत. आधी स्वतः सोडव, मग त्यांना दाखव, आणि पायऱ्या ताडून बघ — आधी त्यांना विचारलंस तर गणित त्यांना येईल, तुला नाही.

४८. कंटाळा आला की कापरेकरांचा खेळ खेळ. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये मांडलेला. चार अंकी संख्या घे, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांड, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा कर, आणि आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतलीस तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. आणि ६१७४ वर गाडी थांबते — जास्तीत जास्त सात फेऱ्यांत प्रत्येक संख्या तिथेच येते. बोटाला बटणं सवयीची होतात आणि आपल्या माणसाने शोधलेलं काहीतरी हाताखालून जातं.

आता ज्यासाठी एवढं पाल्हाळ लावलं ते.

४९. जेईई मेन, नीट आणि सीईटी, तिन्हींत कॅल्क्युलेटर चालत नाही. बारावीच्या फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पेपरवर स्पष्ट छापलेलं असतं की लॉग टेबल वापरता येईल, कॅल्क्युलेटर नाही — म्हणजे हा टॅब तुला परीक्षेच्या दारापर्यंतच सोडणार.

५०. म्हणून आठवड्यातले दोन दिवस कॅल्क्युलेटर बंद. गणित हाताने आणि लॉग टेबलने सोडव, टॅबवर फक्त ताडून बघ — आज सवय नसली तर पेपरात लॉग टेबलचं पान शोधण्यातच वेळ जातो.

५१. लॉग टेबलला जुनाट म्हणू नकोस. नेपिअरने १६१४ मध्ये लॉगरिदम प्रसिद्ध केले आणि साडेतीनशे वर्षं जगाने त्यांवर धरणं, जहाजं, पूल मोजले. एचपी-३५ हे हातात मावणारं पहिलं सायंटिफिक कॅल्क्युलेटर १९७२ साली आलं तेव्हा त्याची किंमत ३९५ डॉलर होती — तुझा टॅब फुकट मिळालाय, त्याची किंमत अशी मोजायची असते.

५२. पुढे डिप्लोमाला किंवा इंजिनीअरिंगला गेलीस तर प्रोग्रॅम न करता येणारं साधं सायंटिफिक कॅल्क्युलेटर परीक्षेत चालतं. मोबाइल आणि टॅब बाहेरच. तेव्हा एक स्वस्तसं विकत घे आणि सराव त्याच्यावरच कर — बटणांची जागा बोटांना पाठ व्हावी लागते, आणि टॅबवर पाठ झालेली जागा तिथे नसते.

५३. गेट परीक्षा द्यायची वेळ आली तर तिथे कॅल्क्युलेटर पडद्यावरच असतं आणि माउसने दाबायचं. महिनाभर आधी तसलंच उघडून हात बसव — ते अजून लांब आहे. पण तुझ्या बापाने तुला आत्ताच कलेक्टर करून ठेवलंय, तर मीही एवढं पुढचं बोलून घेते.

५४. वर्गात ज्यांना टॅब नाही त्यांना तुझा द्यायला कचरू नकोस, फक्त परत आला की मोड तपास — मैत्रीण चांगली असते, तिने लावलेलं रेडियन चांगलं नसतं.

५५. यातलं काही पटलं नाही तर फोन कर, भांडू. पटलं तर येत्या रविवारी तुमसरला ये, येताना सातबारा आणि दादाची जुनी लॉग टेबलं घेऊन ये. टॅब घरीच ठेव.